अख्खा बिल्ला

“तेवढा ट्रे राहू द्या,” फोल्कमार टीडगे म्हणाला. “त्यात तुमच्या कामाचं काही नाही.”

रोस्वीथा नोआकने हात मागे घेतला. ही तिची तिसरी खेप. दर वेळी जर्मनीच्या पूर्वेकडच्या आपल्या गावाहून तीन गाड्या बदलून ती इथे पश्चिमेत, त्सेलेला येई, काकडीच्या लोणच्याची बरणी टेबलावर ठेवी आणि एकच विचारी: बाबांचा बिल्ला सापडला का?

जुन्या बाजारात बंदी असलेल्या नाझी स्वस्तिकावर कागदाची टिकली चिकटवून महायुद्धाचा माल मांडणारे पैशाला पासरी मिळतात. फोल्कमार त्यांतला नव्हता. सैनिकांची पगारपुस्तकं, घरी धाडलेली पत्रं, गळ्यातले जस्ताचे बिल्ले, असं सगळं तो जमवी आणि कोण कुठे पडला ते शोधून घरच्यांना कळवी. फुकट.

बिल्ल्यावर नाव नसतं. तुकडी असते आणि नंबर असतो, आणि मधोमध भोकांची रेघ. शिपाई पडला की सोबत्याने खालचा अर्धा तोडून वर पोचवायचा, वरचा अर्धा प्रेताबरोबर पुरायचा. अर्धा म्हणजे मेला. अख्खा म्हणजे अजून तोडायची वेळ आलेली नाही.

“आईला नंबर अजून पाठ आहे,” रोस्वीथा म्हणाली. “मला झोपवायची तो म्हणून. बाकी सगळं विसरली.”

“कशा आहेत त्या?”

“ब्याण्णव संपलं. डॉक्टर म्हणतात, नाताळ काही बघत नाही.” ती खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत राहिली. “गावात लोक तोंडावर म्हणायचे हो तिला. एर्विन नोआक मेलाबिला काही नाही, तिकडे पश्चिमेत दुसरा संसार थाटून बसलाय. पाव घ्यायला गेलेली ती पिशवी रिकामी घेऊन परत यायची. पण एक शब्द ऐकून घेतला नाही तिनं. म्हणायची, जिवंत असता तर चालत आला असता. आता विचारते, दगडावर माझ्याशेजारी त्याचं नाव कोरणार ना? मी काय सांगू तिला?”

फोल्कमारने ट्रे आपल्याकडे ओढून घेतला.

जेवायला हाइड्रुनने, म्हणजे फोल्कमारच्या बायकोने, उकडलेले बटाटे आणि दह्याचा चक्का मांडला होता, वरून जवसाचं तेल.

“अगंबाई, हे तर अगदी आमच्याकडचं!” रोस्वीथाचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला.

“मला तर वास सहन होत नाही,” हाइड्रुन म्हणाली. “पण ह्याला त्याशिवाय चालत नाही, सासऱ्यांनी लावलेली सवय. आणि काय हो, त्या तंबाखूच्या डबीतला बिल्ला दाखवला का ह्यानं तुम्हाला? त्याचा पहिलावहिला. एकदम अख्खा! म्युनिकचं एक गिऱ्हाईक मागून मागून थकलं. हा मला विकेल, पण तो नाही विकायचा.”

“नंबर काय त्याचा?” रोस्वीथाचा काटा हवेतच थांबला.

“दुसऱ्या तुकडीचा आहे तो,” फोल्कमार म्हणाला. “मीठ द्या जरा इकडे.”

जेवण झाल्यावर दोघी भांडी आवरायला लागल्या तसा तो कामाच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. डबी उघडली. नंबर तोच होता. पहिल्या खेपेला रोस्वीथाने तो अंगाईच्या चालीवर म्हणून दाखवला, तेव्हाच त्याने ओळखला होता. एवढं कळूनही जो माणूस सत्तरीला टेकलेल्या बाईला तीन-तीनदा बरण्या वाहायला लावतो, त्याला काय म्हणावं? मोह म्हणावा, नाहीतर भ्याडपणा.

स्वयंपाकघरातून तिचं बोलणं ऐकू येत होतं. आई हल्ली रात्रंदिवस दाराकडे तोंड करून पडते, असं ती सांगत होती.

त्याने बिल्ला दोन्ही हातांत धरला. तीस वर्षांत त्याने कुठल्याही वस्तूवर ओरखडा उठू दिला नव्हता. रेघेवर पुढे-मागे वाकवला, आणि जस्त तुटलं. ताजी कड चमकत होती. खिडकीतल्या कुंडीतली ओली माती त्याने तिच्यावर घासली.

“नोआकबाई, बसा,” बाहेर येऊन तो म्हणाला. “मला आधी खात्री करायची होती.”

तिने तळहातावरचा अर्धा तुकडा वाचला. ओठ हलले. अंगाईच होती ती.

“हाल्बेचं जंगल,” तो म्हणाला. “एप्रिल पंचेचाळीस, शेवटचा वेढा. हा तोडून ज्यानं खिशात घातला, तोही तिथेच पडला असणार. म्हणून कुणाला कळलं नाही.”

“आणि दुसरा अर्धा?”

“मातीत. त्यांच्याजवळ.”

“हाल्बे म्हणजे आमच्यापासून एका दिवसाची चाल,” ती म्हणाली. “घरीच निघाले होते ना ते?”

“हो. घरीच.”

मग ती रडली. हाइड्रुनने तिला जवळ घेतलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, तुकडा रुमालात बांधला आणि फोल्कमारचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. “आई खरी होती. सगळा गाव खोटा आणि ती एकटी खरी. टीडगेसाहेब, आज तुमचे वडील असायला हवे होते. मुलगा किती भला निघाला ते बघायला.”

त्याने मान हलवली आणि तिचा कोट आणून दिला.

स्टेशनवरून परत आला तेव्हा हाइड्रुन दारातच उभी होती. “तोच ना तो? डबीतला? तोडलास तू? म्युनिकवाला आता छाती पिटून घेईल बघ.”

“घेऊ दे.”

तो कामाच्या खोलीत गेला आणि खिशातला उरलेला अर्धा त्याने डबीत ठेवला. एक्याऐंशी साली इथल्याच इस्पितळात नर्सने तो बिल्ला त्याच्या वडिलांच्या गळ्यातून काढून त्याच्या हातावर ठेवला, तेव्हा तो अख्खा होता.