आपसूक पडलेलं झाड

“झाड आपसूक पडलंय, आजोबा. म्हणजे तुमच्या नियमात बसतं,” जाळ्यांनी धुक्यातलं पाणी धरणाऱ्या केंद्राची अभियंता शाल्मली गोगटे खुशीत म्हणाली. “आता उत्सवाला होडी होईल.”

एल्मर आजोबांच्या जमातीत उभ्या रेडवुडच्या झाडाला कुऱ्हाड लावत नसत. होडी करायची ती पडलेल्या झाडाचीच. अशा झाडाची त्यांनी नऊ वर्षं वाट पाहिली होती. त्यांनी तासणीनं खोडाची जाड साल काढली. आतलं लाकूड पापडासारखं मोडलं.

“आपसूक?” ते ओरडले. “हजार वर्षं हे उन्हाळ्यात पानांनी धुकं पिऊन जगलं. दोन वणव्यांतून उठलं. तुमच्या जाळ्यांनी सगळं धुकं शहराच्या नळांत नेलं, आणि सहा वर्षांत हे तहानेनं मेलं!”

“शहरालाही तहान असते ना, आजोबा.”

“तिथली कारंजी पाहिलीत मी, पोरी.”

आजोबांनी तासणी खाली ठेवली आणि नातीला हाक मारली. “डेला, सगळ्यांना बोलाव. कुऱ्हाडी घेऊन या म्हणावं.”

“होडीसाठी?” शाल्मलीनं विचारलं.

“मारलेल्याची होडी करत नाहीत.” आजोबा समुद्राकडे, जाळ्यांच्या उंच खांबांकडे बघत होते. “आणि उभ्याला हात लावायचा नाही, हा नियम झाडांसाठी आहे.”