दरीची घाई

तोरणमाळला सहलीला आलं की कड्यावर उभं राहून हाका मारायच्या आणि दरीनं त्या परत केल्या की खिदळायचं, हा धुळ्याकडच्या माणसांचा आवडता खेळ. दुपारी मंजुळाबाईचा भाऊ पुनाही तो मनसोक्त खेळला. मग "अक्का, खाले पानी देखी येस," म्हणून दरीत उतरला, तो दिवस कलला तरी वर आला नाही.

मंजुळाबाईचा नवरा देवचंद त्याला शोधायला पायवाटेनं खाली गेला. ती कड्यावरून धाकट्या भावाला हाका मारत राहिली. घसा पार फाटला.

"पुना, कोठे शे रे भाऊ?"

"शे रे भाऊ..." दरी म्हणाली.

तिनं पुन्हा श्वास घेतला. तोंड उघडण्याआधीच दरीतून तिचाच फाटका आवाज आला, "पुना, ये ना रे आते!"

नेमकं हेच ती ओरडणार होती.

मनातल्या मनात तिनं कानबाईचा धावा केला. ओठ मिटलेलेच होते, पण दरीनं तोही मोठ्यानं केला.

इतक्यात खालच्या वळणावर देवचंद दिसला. हात हलवत, हसत ओरडला, "सापडना वं! मांगे ई राह्यना!"

पुना सापडला, मागून येतोय, हे ऐकून मंजुळाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हसणार, तोच दरीतून तिचा आवाज उठला, बाया मयतावर रडतात त्या सुरात.

"अरे मना भाऊ रे! माले सोडीसन कोठे गया रे!"

मंजुळाबाईनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं.