तिखटाचं जेवण

सुकन्याने टोपावरचं झाकण काढलं आणि सरकारी गाडी दारात थांबली. गाडीच्या भोंग्यावर सकाळपासून तेच चाललं होतं. मानकोलीच्या एका शीतगोदामातलं मटण खराब निघालं आहे, विकलेला माल परत मागवला आहे, पुढचा आदेश येईपर्यंत कोणीही मटण खाऊ नये, वाढू नये. मग तेच हिंदीत.

मांडवात पानं मांडलेली होती. पानांवर कोणी नव्हतं.

वडिलांचं तेरावं काल गोड जेवणाने झालं. आज तिखट. कोन गावातली रीत अशी, की शेजारीपाजारी त्या घरी बसून मटण जेवले म्हणजे दुखवटा सुटला. मग त्या घरात पुन्हा कोणी हसतं, कोणी सहज चहाला येतं. जेवले नाहीत तर दुखवटा तसाच राहतो. आणि घरात आता सुकन्या एकटीच होती.

अन्न निरीक्षक आल्हाद पाटकर चपला काढून आत आला. टोपातली पहिली पळी वडिलांच्या, हिरामणच्या फोटोपुढच्या पानावर पडायची होती. ती त्याने तपासणीसाठी बाटलीत ओतून घेतली, बाटलीच्या तोंडाला लाख लावून मोहोर केली.

"साहेब, बोकड पहाटे आमच्या दारात कापलाय. मानकोलीचा काय संबंध?"

"पटतंय, ताई. पण मला पटून उपयोग नाही. प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. चौदा दिवस."

"तोवर हे टिकेल?"

"बाटलीतलं टिकेल."

रस्त्यापलीकडच्या ओसरीवर शेजारी जमले होते, धुतलेले कपडे घालून. भूपेश तिथूनच ओरडला, "सुकन्या, आम्ही न्हाय म्हनत न्हाय हां! रिपोर्ट येऊ दे, मंग दोन टोप खातो."

"तू काय, फुकट मिळाली तर ती लाखपन खाशील," म्हातारी गोदूबाई म्हणाली. सगळे हसले. मग कुणाच्या दारासमोर हसलो हे ध्यानात येऊन गप्प झाले.

सुकन्या रस्त्याच्या कडेपर्यंत गेली. "आत्या, तू तरी ये. एक घास."

गोदूबाईने पदर सारखा केला. "तुझा बाप माझ्या भावासारखा गो. पन घरात बारकी पोरां हायत. मी आजारी पडले तर त्यांना कोन बघंल?"

पाटकर गाडीकडे निघाला होता. तो थांबला. "ताई, बाकीचं टाकून द्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं तुम्ही खाल्लंत तर कोणी अडवणार नाही. फक्त दुसऱ्याला वाढू नका."

गाडी गेली. भोंगा कल्याणच्या दिशेने ऐकू येत राहिला.

सुकन्याने फोटोपुढे वाढलं. मग शेजारच्या पानावर स्वतःला वाढलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. तिने भाकरी मोडली. पहिला घास घेतला. मग दुसरा.

समोरच्या माना वळल्या. भूपेश उठून ओसरीच्या कडेला आला.

"कसं वाटतंय गो?" गोदूबाईने विचारलं.

सुकन्याने घास गिळला. "बरं वाटतंय."

गोदूबाईने मान हलवली. ओसरीवर आणखी दोघं आले. कोणीतरी सरकून त्यांना जागा दिली, नीट दिसेल अशी.