गेममधलं शटर

बायको मीना गेल्याचं कळलं, त्या दिवशी श्यामसुंदरला कोपरखैरण्याहून इस्पितळात घेऊन गेला तो शेजारचा धनेशच. त्र्याण्णवच्या दंगलीत, ती कामाला होती ते साड्यांचं दुकान जमावाने फोडून लुटलं आणि ती आत मेलेली सापडली, एवढंच पोलिसांनी सांगितलं. पुढे कितीतरी महिने धनेशच्या घरून श्यामसुंदरला डबा येत राहिला.

पाच-सहा वर्षांनी धनेशने कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर दंगलीचा गेम आणला. काचा फोडायच्या, दुकानं लुटायची. जेवढी नासधूस जास्त, तेवढे पॉइंट जास्त.

"या शामभाऊ, बसा. भारी हाय एकदम! एकदा बसला का मानूस उठतच नाय."

पडद्यावरच्या माणसाने एक लाथ मारली आणि दुकानाचं शटर सताड उघडलं. धनेश खो-खो हसला.

"ह्यं मात्र येड्यासारखं दाखवलंय. असं उघडतंय होय शटर? आतून बाई लटकून बसली, तर चार जनांनी पहार घालावी लागते!"

आणि त्याने एकदम कॉम्प्युटरच बंद केला.



शटरमागचा मीनाचा आवाज धनेशने तेव्हा ओळखला होता का, हे श्यामसुंदरने अजून विचारलेलं नाही.