बक्षिसाचं रेडकू

परीक्षकांनी खाली वाकून रेडकाच्या नाकाला नाक लावलं. बराच वेळ हुंगलं. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "वास नाही. शाब्बास."

लातूरच्या पशुप्रदर्शनात यंदा पहिल्यांदाच पेंढा भरलेल्या जनावरांची स्पर्धा ठेवली होती. फक्त पाळीव जनावरं. हरणाबिरणाचं नाव काढलं तर थेट जेल. मांडवात एक कोंबडा होता, एक शेळी, कुणाचा तरी लाडका कुत्रा आणि देवणी बैलाचं मुंडकं. सगळा माल बैठकीच्या खोलीत मिरवायचा. श्रीमंतचं रेडकू तेवढं कामावर होतं.

जमना म्हशीचं ते रेडकू जन्मल्यावर आठवड्यातच मेलं. रेडकू समोर असल्याशिवाय ती पान्हा सोडेना. म्हणून श्रीमंतने त्याचं कातडं स्वतः सोललं, मीठ लावून वाळवलं, आत भुसकट भरलं. कातड्याला हात लावला म्हणून भावकीने त्याच्या घरचा चहा सोडला. दूध मात्र सोडलं नाही. दोन्ही वेळा तो ते रेडकू जमनापुढे उभं करायचा, ती चाटत राहायची आणि त्याची बायको सिंधू धार काढून घ्यायची.

"मान कशी वळवलीय बघा," परीक्षक शेजारच्याला म्हणाले. "आईकडंच बघतंय."

"हाव सायेब," श्रीमंत म्हणाला. "त्याला दुसरं कामच न्हाई."

एक गोष्ट त्याने सांगितली नाही. सकाळी मांडवात पाय टाकला आणि शेजारचा चकचकीत कोंबडा बघून त्याचं अवसान गेलं. तो टपरीवर धावला, शाम्पूच्या पुड्या आणल्या आणि नळावर फडकं भिजवून रेडकू नाकापासून शेपटीपर्यंत दोनदा पुसून काढलं.

पहिलं बक्षीस मिळालं. ढालीवर सिंह होता. म्हशीची ढाल कुणी बनवतच नाही. प्रमुख पाहुण्यांनी गाईवर लांबलचक भाषण ठोकलं. फोटोपुरता रेडकाच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच रुमालाला पुसला.

मुरुडजवळ शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापुढे टेम्पो थांबला तेव्हा सिंधू बादली घेऊन उभीच होती.

"लवकर उभं करा त्याला. तिची कास तटतटलीय."

"आधी ढाल तर बघ."

"ढालीत धार काढू का? उभं करा म्हणते."

श्रीमंतने रेडकू उभं केलं. जमनाने मान खाली घातली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तोंड फिरवलं, वाटेकडे बघितलं आणि रेकली.

सिंधूने पेंड पुढे सारली. रेडकाच्या पाठीवर मीठ चोळलं. जमनाने दोन्हीला तोंड लावलं नाही. सिंधूने आचळाला हात घातला, तशी लाथ बसली आणि बादली गडगडत उकिरड्याला जाऊन लागली.

सिंधूने रेडकाची मान हुंगली.

"काय लावलंव ह्याला?"

"शाम्पू."

"शाम्पू!"

"तिथं समदी चकाकत हुती, सिंधे. आपलंच भिकाऱ्यावानी दिसत हुतं."

"दिसू द्यायचं की! म्हशीनं त्याला डोळ्यानं कवा बघितलंय?"

जमना पुन्हा रेकली. इतके दिवस ती एकदाही रेकली नव्हती. तिच्या लेखी तिचं रेडकू जिवंत होतं. ते आज मेलं. पहिलं बक्षीस घेऊन मेलं.

"आता?" श्रीमंतने विचारलं.

"आता बसा ढाल पुसत. कास सुजंल, मग आटंल. आटलेली म्हैस बाजारात कोण घेतंय, ते तुमाला ठावं हाय."

त्याला ठाऊक होतं. इस्त्रीचा सदरा काढून त्याने खुंटीला टांगला. आत बनियन होतं, पहाटे रेडकू खांद्यावर घालून गोठ्यात आणलं तेव्हाचंच. सदऱ्याखाली कोण बघतंय म्हणून बदललं नव्हतं. तो जमनाच्या गळ्याशी जाऊन बसला आणि तिचा गळा खाजवू लागला.

"चुकलं माय," तो म्हणाला.

जमनाने मान वळवली. त्याच्या खांद्यावर नाक टेकवलं. थांबली. मग तिची खरखरीत जीभ खांद्यापासून कानापर्यंत फिरली. श्रीमंत दचकून उठायला लागला.

"उठू नका!" सिंधू दबक्या आवाजात म्हणाली. "तसंच ऱ्हावा. हात टेका खाली."

"अगं, माणूस हाय मी."

"ते तिला कशाला सांगता?"

श्रीमंत शेणात हात-गुडघे टेकून उभा राहिला. जमना चाटत होती. मानेवरून, पाठीवरून, बनियन वर सरकेस्तोवर. सिंधूने बादली आणली, कासेशी बसली आणि वाट बघितली. हळूहळू आचळं भरून आली. पहिली धार बादलीच्या बुडाला वाजली.

"लई गुदगुल्या करायलीय गं."

"सोसा. रेडकानं एका दिवशी तरी तक्रार केली का?"

श्रीमंत तसाच ओणवा राहिला. केस पिकलेला बाप्या, डोळे मिटून, म्हशीपुढे मान झुकवून. दुधाला फेस चढत गेला. जमनाने रवंथ सुरू केलं, मधूनच त्याच्या टाळूवरून जीभ फिरवली. सिंधूने हसू लपवायला कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं.

"सकाळी अंघोळ करू नका," ती म्हणाली.