टोंगा बेटावरची गदा

पंचवटीचा वाल्मीक सुतार देवळालीला गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आला, तेव्हा त्याच्या करवतीवर खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू अजून ताजं होतं. साहेबानं टोंगा बेटावरून आणलेली लाकडी गदा पुढ्यात टाकली. "हिला मधोमध काप. टेबलावरच्या दिव्याला बैठक पाहिजे." बारीक नक्षीवर वाल्मीकची नजर खिळली. "कुठल्या पटाशीनं कोरली ही?" "त्यांच्याकडं लोखंड कुठलं? माशाच्या दातानं कोरायचे. असल्या दांडक्याला नाव द्यायचे. आजा नातवाच्या हाती सोपवायचा. रानटी लोक!" साहेब हसला. वाल्मीकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं भिंतीवरच्या तलवारीकडं बोट दाखवलं. "आधी ती उतरवा, साहेब. मडमेला कांदे चिरायला झकास विळी करून देतो. मग हिला करवत लावतो." "खबरदार! माझ्या आजोबांची तलवार आहे ती!" साहेब किंचाळला. वाल्मीकनं करवतीवरचं कुंकू बोटावर घेतलं आणि गदेला ठसठशीत लावलं.