हेमकुंजची माणसं

मुलाखतीला आत गेलेले काका दोन मिनिटांतच बाहेर आले. हातातल्या फाईलची नाडी तशीच बांधलेली होती.

"झालं पण?" पायलने विचारलं.

"झालं. कळवतो म्हणाले." पन्नाशी उलटलेले ते गृहस्थ क्षणभर बंद दाराकडे बघत राहिले. मग स्वतःची पाण्याची बाटली तिच्यापुढे धरून म्हणाले, "घोटभर पी, पोरी. घाबरू नको. आपल्याला जे येतं ते सांगायचं."

पायलला नेमकं तेच करता येणार नव्हतं. ती एकतीस वर्षांची होती आणि त्यातली आठ वर्षं एमपीएससीच्या अभ्यासात गेलेली. दोनदा शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. तिच्या पप्पांनी, चांगदेवांनी, टिटवाळ्यातल्या अख्ख्या चाळीला सांगून ठेवलेलं, आमची पायल तहसीलदार होणार. आता ते संध्याकाळी नाक्यावर बसायला जात नसत. कोणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे.

खासगी नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न यायचा, इतकी वर्षं काय केलंत? अभ्यास म्हटलं की समोरचा 'बरं, बरं' म्हणत कागद बाजूला ठेवायचा.

म्हणून या वेळी तिने बायोडेटात एक ओळ घातली होती. हेमकुंज पॅकेजिंग, डोंबिवली एमआयडीसी, डिस्पॅच विभाग, चार वर्षं. मालक वारले आणि दोन वर्षांपूर्वी ती कंपनी कायमची बंद पडली. विचारायला जाणार कुठे?

आत मेघना मॅडम आणि एचआरचा सुमित बसले होते. मालवाहतुकीची कंपनी, वागळे इस्टेटमधलं छोटंसं ऑफिस. मॅडम वर्षभरापूर्वी मॅनेजर म्हणून आल्या होत्या. त्यांची नजर बायोडेटावरून खाली सरकली आणि थांबली.

"हेमकुंज?"

"हो, मॅडम."

"अरे, हीपण?" सुमित खूश झाला. "मॅडम तिथल्याच आहेत. इथे येण्याआधी सहा वर्षं होत्या."

पायलला उठून पळून जावं असं वाटलं. मॅडम तिच्याकडे एकटक बघत होत्या.

"तू मला ओळखलं नसशील," त्या सावकाश म्हणाल्या. "मी वर असायचे. अकाउंट्सला."

"आम्ही... आम्ही खालीच असायचो, मॅडम."

"खूप माणसं होती तिथे."

"हो ना. खूपच."

सुमितने अनुभवाचं पत्र मागितलं. पायल पिशवीत हात घालून उगाच चाचपू लागली.

"कंपनीच राहिली नाही, पत्र कोण देणार?" मॅडम मध्येच म्हणाल्या. "मी सांगतेय ना. घेऊन टाक हिला. सोमवारपासून ये गं."

घरी पप्पांनी पेढे आणले. पायलने अर्धा पेढा तोंडात टाकला. उरलेला परत खोक्यात ठेवला.

मॅडम तिच्याशी फार चांगल्या वागायच्या. चूक झाली तर हळू आवाजात सांगायच्या, डब्यातली भाजी वाढायच्या, पाच वाजले की म्हणायच्या, "तू निघ, लांब जायचंय तुला." सुमित तिची ओळख 'मॅडमच्या हेमकुंजची' अशी करून द्यायचा, आणि पायल मान खाली घालायची. एवढी भली बाई आपल्यावर विश्वास टाकते, आणि आपण तिला रोज फसवतो. तिला मॅडमच्या डोळ्यांत बघवत नसे.

तिसऱ्या रविवारी टिटवाळ्यात, एका नव्या टॉवरच्या गेटवर, वॉचमनच्या खुर्चीत तिला ते काका दिसले. निळा शर्ट, शिट्टी, खिशावर नावाची पट्टी, धोंडिबा गायकर. त्यांनीच हाक मारली.

"पोरी! लागली का गं नोकरी?"

"हो, काका."

"छान झालं. आधी कुठे होतीस?"

या माणसाशी तिला खोटं बोलता येईना. "कुठेच नाही. अभ्यास करत होते."

"मग पहिलीच! मन लावून कर." काका हसले. "मी डिस्पॅचला बावीस वर्षं काढली. हेमकुंज पॅकेजिंग, ऐकलं असशील. मॅडमनी कंपनीचं नाव विचारलं, मी सांगितलं, लगेच म्हणाल्या कळवतो. साहेब काही विचारणार होते, तर त्यांनाही थांबवलं. वय बघितलं असेल माझं. असो."

पायल घरी गेली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पप्पांनी विचारलं, तर गुडघे दुखतात म्हणाली.

सोमवारी ती थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, मी खोटं लिहिलं होतं. मी हेमकुंजमध्ये एक दिवसही नव्हते. त्या दिवशी माझ्या आधी आलेले काका, धोंडिबा गायकर, ते खरे तिथले. त्यांना माझ्या जागी घ्या. मी राजीनामा आणलाय."

मॅडम उठल्या. केबिनचं दार लावून घेतलं. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"एक दिवसही नाही?"

"नाही, मॅडम."

"म्हणजे तिथलं कोणीच तुझ्या ओळखीचं नव्हतं?"

"कोणीच नाही. मला माफ करा."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या.

"तीन आठवडे मी तुला जपतेय, तू कोणाकडे बोलू नयेस म्हणून," त्या पुटपुटल्या. "आणि त्या माणसाला तर नीट बसूही दिलं नाही. त्याने सुमितसमोर तोंड उघडलं असतं, तर मीही तिथे कधीच नव्हते, हे त्याच दिवशी कळलं असतं."